विमान शिकतेय की फुल फॉर्म?

ढगातली

मंडळी, नमस्कार. बऱ्याच महिन्यांनी धागा काढतेय. भडास आहे, सांभाळून घ्या.

इंग्लंडात येऊन अकरा वर्षं झाली. चाळिसाव्या वाढदिवसाला नवऱ्याने विमानाच्या एका तासाच्या धड्याचं कुपन दिलं आणि प्रकरण तिथे थांबलं नाही. आता खासगी वैमानिकाचं लायसन्स काढायचंय, म्हणजे पीपीएल. कमीत कमी ४५ तास उड्डाण, नऊ लेखी पेपर, प्रत्येकात ७५ टक्के. माझे १९ तास झालेत. विमान पायपर वॉरियर, चार सीटचं, माझ्यापेक्षा वयाने मोठं. धावपट्टी गवताची, शेजारी मेंढ्या.

उडणं जमतंय. जमत नाहीत ती अक्षरं, म्हणजे काय काय तपासायचं ते लक्षात राहावं म्हणून आद्याक्षरांचे केलेले शब्द. उतरण्याआधी बमफिच. स्टॉलचा (पंख विमानाला उचलेनासे होतात तो) सराव करण्याआधी हॅसेल. वाटेत दर दहा-पंधरा मिनिटांनी फ्रेडा. विमानतळांभोवतीच्या हद्दींचे एटीझेड आणि मॅट्झ. स्वतःची तब्येत तपासायला आयएमसेफ. फ्रिजवर पिवळ्या चिठ्ठ्या लावल्यात. नऊ वर्षांच्या लेकाने विचारलं, "आई, फ्रेडा कोण?"

मागच्या शनिवारचं सांगते. सर्किट मारत होते, म्हणजे उडायचं, धावपट्टीभोवती चौकोनी फेरी मारायची, उतरायचं, पुन्हा उडायचं. डाउनविंडला (धावपट्टीला समांतर, उलट दिशेने जाताना), हजार फुटांवर, रेडिओवर सांगून झालं आणि मी सुरू केलं. बी, ब्रेक्स ऑफ. यू, अंडरकॅरेज, डाउन अँड वेल्डेड. (आमची चाकं पक्की जोडलेली आहेत, वर जातच नाहीत. तरी रोज म्हणायचं.) एम, मिक्श्चर रिच. एफ... आणि अडकले. एक एफ की दोन? फ्युएल आधी की फ्लॅप्स? शाळेत सतराचा पाढा विसरल्यावर बघायचे तशी मी वर छताकडे बघत होते. तेवढ्यात सर शांतपणे म्हणाले, "आय हॅव कंट्रोल," आणि त्यांनी विमान बाजूला घेतलं.

पुढे, थोडं खाली, एक सेसना होतं. ते बेसला, म्हणजे फेरीच्या शेवटच्या आडव्या बाजूला, वळत होतं आणि आम्ही त्याच्या अंगावर चाललो होतो. सर अर्धा मिनिट ते बघत होते, माझ्या लक्षात येतंय का याची वाट पाहत.

उतरल्यावर ओरडले नाहीत. एकच प्रश्न: "त्याचा रंग कोणता होता?"

"पांढरा?"

"लाल."

तेव्हापासून डोक्यात तेच आहे. अक्षरं आठवायच्या नादात मी खिडकीबाहेर बघतच नव्हते. हे माझंच होतंय, की शिकवण्याची पद्धतच अशी आहे?

खमंग

पहिला मी! विमानातलं काही कळत नाही, पण बमफिच हे नाव आमच्या मांजराला ठेवतोय.

टॉवरवाला

ढगातली, चौतीस वर्षं कंट्रोल टॉवरमध्ये काढून निवृत्त झालोय. आधी एक गोष्ट वेगळी काढू. रेडिओवर बोलायची अक्षरं आणि कॉकपिटमध्ये पाठ म्हणायची अक्षरं या दोन वेगळ्या जाती आहेत. पहिली जात म्हणजे भाषाच. तिची तक्रार नको. क्यूएनएच म्हटलं की रशियन असो वा नागपूरकर, दोघांनाही एकच कळतं.

पुष्कळ मुलं क्यूएनएचचा फुल फॉर्म विचारतात. तो नाहीच! मग कुणीतरी 'नॉटिकल हाइट' असं जुळवून देतं, पाठ करायला बरं म्हणून. ती अक्षरं तारायंत्राच्या जमान्यातली. प्रश्न-उत्तराला तीन अक्षरांचा कोड, क्यूपासून सुरू होणारा, बस्स. अर्थ कामात आहे. क्यूएनएच म्हणजे हवेच्या दाबाचा आकडा. तो लावला तर उंचीचा काटा समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतो. पुण्याच्या धावपट्टीवर उभं राहून लावलात तर काटा १९४२ फुटांच्या आसपास दिसला पाहिजे. क्यूएफई, म्हणजे त्या विमानतळावरचाच दाब, लावला तर त्याच जागी शून्य.

एकदा ऐन पावसाळ्यात एका शिकाऊ मुलाला १००३ दिलं. त्याने परत वाचून दाखवलं १०१३. दहाचा फरक, एका हेक्टोपास्कलला साधारण तीस फूट, म्हणजे काटा तीनशे फूट जास्त दाखवणार. पोरगं समजणार हजारावर आहे आणि असणार सातशेवर. म्हणून रीडबॅक घेतो आम्ही. तीन अक्षरांचा फुल फॉर्म येतो का, हे त्याला त्या दिवशी कुणीच विचारलं नाही. आकडा विचारला.

गच्चीवरून

टॉवरवाल्यांना अनुमोदन. आम्ही हौशी रेडिओवाले अजून क्यूटीएच (ठिकाण) आणि क्यूएसएल (पोचलं) म्हणतो. ब्रिटिशांनी १९०९च्या सुमारास जहाजं आणि किनाऱ्यावरच्या केंद्रांसाठी यादी केली, १९१२ला लंडनच्या परिषदेत ती सगळ्यांची झाली. एकेक अक्षर कट्ट-कडकट्ट करून पाठवायचं असे, तेव्हा तीन अक्षरांत पूर्ण वाक्य म्हणजे चैन होती.

सोलो कधी

ताई, तुमच्याकडे निदान चेक तरी करतात. आमच्याकडे फुल फॉर्म हाच चेक.

मी महाराष्ट्रातच सीपीएल, म्हणजे व्यावसायिक लायसन्स, करतोय. २०० तास, डीजीसीएचे पेपर, पासिंग ७०. तोंडी परीक्षा म्हणजे फुल फॉर्मची अंताक्षरी. व्हीओआर? व्हीएचएफ ओम्नी-डायरेक्शनल रेंज, सर. एडीएफ? ऑटोमॅटिक डायरेक्शन फाइंडर, सर. वर्गात मी पयला. मग एक दिवस हवेत सरांनी विचारलं, "आपण आत्ता कोणत्या रेडियलवर?" म्हणजे त्या व्हीओआर केंद्रापासून कोणत्या दिशेला. सुई समोर, टू-फ्रॉमचा झेंडा समोर, आणि मी म्हणालो, "सर, व्हीएचएफ ओम्नी..." सर म्हणाले, "फुल फॉर्मवर लँडिंग करणारेस का?"

आणि एकाच अक्षराचे दोन-दोन अर्थ. डीए म्हणजे डिसिजन अल्टिट्यूड, आणि डीए म्हणजे डेन्सिटी अल्टिट्यूड. घरी पप्पांना विचारलं तर महागाई भत्ता.

टॉवरवाला

@सोलो कधी, डेन्सिटी अल्टिट्यूडची दोन अक्षरं विसरलास तरी चालेल, पण हा हिशेब विसरू नकोस. पुणे १९४२ फूट. त्या उंचीला प्रमाण तापमान ११ अंशांच्या आसपास. एप्रिलच्या दुपारी ३८. सत्तावीस अंश जास्त, प्रत्येक अंशाला साधारण १२० फूट. म्हणजे विमानाला वाटतं आपण पाच हजारांच्या वर आहोत. इंजिन दमतं, पंखा हवा कापत नाही, धावपट्टी सरता सरत नाही. भत्ता वाढला की चढण कमी, असं लक्षात ठेव.

खमंग

भत्ता वाढला की चढण कमी! हे आमच्या ऑफिसच्या दारावर लावतो.

बाय द वे, गुगल करताना सापडलं: धावपट्टीच्या कडेला चार दिवे असतात, त्यांचं नाव पापी. खरंच? रात्री दीडशे माणसं घेऊन येणारा पायलट 'पापी दिसला' म्हणतो?

सोलो कधी

म्हणतो. दोन पांढरे दोन लाल म्हणजे बरोबर येतोय. चारी पांढरे म्हणजे फार वर. चारी लाल म्हणजे फार खाली, पापाचा घडा भरला.

जर्सीकर

अमेरिकेतून. आमच्याकडे तर कारखानाच आहे. ॲरो, पेव्ह, गम्प्स, डिसाइड, फाइव्ह पी, आणि सगळ्यांचा बाप 'अ टोमॅटो फ्लेम्स'. दिवसा साध्या उड्डाणाला विमानात कोणती उपकरणं चालू हवीत, त्याची ती यादी. बारा-तेरा अक्षरं. त्यातली मॅनिफोल्ड प्रेशर आणि चाकांची स्थिती ही माझ्या सेसना १७२मध्ये नाहीतच. तरी परीक्षकासमोर टोमॅटो पूर्ण चिरावा लागतो. लायसन्सला चार वर्षं झाली, रॅम्पवर मला एकदाही टोमॅटो लागला नाही.

डिसाइड ऐकून तर हसू येतं. संकटात निर्णय कसा घ्यायचा याची सहा पायऱ्यांची अक्षरं. इंजिन हजार फुटांवर बंद पडलं तर १७२ मिनिटा-दीड मिनिटात जमिनीवर. तेवढ्यात मी 'ई म्हणजे एस्टिमेट' करत बसू? तिथे कामाचं फक्त एबीसी: एअरस्पीड, बेस्ट फील्ड, चेकलिस्ट. आधी वेग धर, मग शेत बघ, मग बाकी. पाठच करावं लागत नाही, पहिलीपासून येतं.

डॉ. उसळ

हसू नका, आमच्याकडे काय वेगळं आहे! एमएस म्हणजे कुणाला मायट्रल स्टेनॉसिस, कुणाला मल्टिपल स्क्लेरॉसिस, आणि औषधाच्या कागदावर मॉर्फिन सल्फेट. पेशंट एकच, अक्षरं दोनच, आणि तीन डॉक्टर.

यमाताराज

शाळेत मराठी शिकवते, विमानात दोनदाच बसलेय. पण पाठांतराच्या क्लृप्त्या हा माझा रोजचा धंदा, म्हणून लिहिते.

आपण सगळे 'तानापिहिनिपाजा' आणि 'कंचेभागुबेव' यांवर वाढलोय. मुलं दोन्ही एका दमात म्हणतात. पण दोन्हींत गुण कोणता, तर अक्षरांचा क्रम हाच मुद्दा आहे. इंद्रधनुष्यात तांबड्यानंतर नारिंगीच येतो. गणितात कंस आधीच सोडवायचा असतो. क्रम चुकला तर उत्तर चुकतं, म्हणून क्रम पाठ करायचा.

याहून वरचा मासला म्हणजे 'यमाताराजभानसलगा'. वृत्तांचे आठ गण त्यात आहेत, आणि गंमत अशी की नुसती नावं नाहीत. पहिल्या आठांतलं कोणतंही अक्षर घ्या, पुढची दोन जोडा, त्या गणाचे लघु-गुरु समोर. य गण कसा? यमाता: लघु, गुरु, गुरु. न गण? नसल: तिन्ही लघु. फुल फॉर्म विचारायची सोयच नाही, कारण वस्तूच त्या ओळीत बसलेली आहे. तोंडाने म्हटलं की कानाला कळतं.

तुमच्या बमफिचमध्ये मला असं काही दिसलं नाही. ब्रेक आधी आणि पट्टा शेवटी, हे उलटं केलं तर काही बिघडतं का? बिघडत नसेल तर तो क्रम फक्त शब्द उच्चारता यावा म्हणून आहे. विमानवाल्यांना प्रश्न: तुमच्याकडे 'यमाताराज' आहे का?

सोलो कधी

मॅडम दंडवत. गण आत्ता कळले, दहावीत कळले असते तर...

आमचा यमाताराज म्हणजे वेगाच्या घड्याळावरचे रंग. सेसना १५२वर पांढरी पट्टी ३५ ते ८५ नॉट, त्यातच फ्लॅप काढायचे. हिरवी १११पर्यंत. पिवळ्यात हवा शांत असेल तरच जायचं. १४९ला लाल रेघ. प्रत्येक रेघेला व्ही-अमुक असं नाव आहे, ते परीक्षेला. हवेत रंग पुरतो.

जुना फौजी

वायुदलात शिकवायचो. दोन गोष्टी मॅडमना सांगतो, एक ढगातलीला.

आहे आमच्याकडे यमाताराज. विमान स्पिनमध्ये गेलं, भोवऱ्यासारखं फिरत खाली चाललं, तर पेअर. पॉवर बंद, एलेरॉन मधोमध, रडर उलट, मग एलिव्हेटर पुढे. इथे क्रम हाच उपचार. विमानाचं पुस्तक वेगळं सांगत असेल तर पुस्तक खरं, पण अक्षरं आणि हातांची चाल एकच.

दुसरं हॅसेल. सगळी मुलं म्हणतात, सर, बाहेर बघणं एवढं महत्त्वाचं, मग लुकआउट शेवटी का? मुद्दाम शेवटी. उंची, पट्टे, इंजिन हे दोन मिनिटांपूर्वी पाहिलेलं चालतं. आकाश चालत नाही. दहा सेकंदांत रिकाम्या जागी विमान येतं. म्हणून वळून, पंखाखालची जागा बघून, लगेच स्टॉल. कारण सांगितलं की मूल विसरत नाही. कारण न सांगता अक्षरं दिली की ते शेवटच्या एलपर्यंत पोचेस्तोवर दमतं.

आता ढगातली. 'डाउन अँड वेल्डेड' म्हणायला कंटाळू नकोस. आमचं एचपीटी-३२ दीपक पक्क्या चाकांचं होतं, तरी रोज म्हणायला लावायचो. पुढे किरण जेटवर गेल्यावर चाकं आत जायची. तिथे सवय कामाला यायची.

ढगातली

फौजीकाका, आदर ठेवून थोडी हुज्जत घालते. शंभर वेळा, न बघता, 'डाउन' म्हणायची सवय लावली, तर एकशे एकाव्या वेळी चाकं वर असतानाही मी न बघताच 'डाउन' म्हणणार ना? सवय कशाची लागली, चाकं बघायची की शब्द म्हणायची?

जुना फौजी

...

हे मला तीस वर्षांत एकाही कॅडेटने विचारलं नाही. विचारायची पद्धत नव्हती, हेही खरं.

किरणवर तीन हिरवे दिवे असायचे, त्याकडे बोट करून 'थ्री ग्रीन्स' म्हणायचो. दीपकवर बोट दाखवायला काही नव्हतं. निदान खिडकीतून चाक बघ, असं म्हणायला हवं होतं. मुद्दा मान्य.

पुण्याचं हवामान

कुणीच मेटार काढला नाही म्हणून मी काढतो. हवामानाचा तो सांकेतिक अहवाल टेलिप्रिंटरच्या काळातला, आणि काही अक्षरं फ्रेंच. बीआर म्हणजे धुकट, मूळ शब्द ब्रूम. एफयू म्हणजे धूर, फ्युमे. जीआर म्हणजे ग्रेल. इंग्रजी शिकलेली पोरं डोकं आपटतात, पण मराठी माणसाला फुकटात येतं: जीआर म्हणजे गारा. आणि चुलीला फू केलं की धूर, म्हणून एफयू. बीआर मात्र तुमचं तुम्ही बघा.

आता हेच साध्या शब्दांत छापायला कागद-तारेचा काय खर्च येतो? शून्य. तरी चालूच आहे.

जर्सीकर

त्याहून वाईट नोटॅम, म्हणजे वैमानिकांसाठीच्या सूचना. २०१७च्या जुलैत सॅन फ्रान्सिस्कोला रात्री एअर कॅनडाचं विमान धावपट्टी समजून टॅक्सीवेवर (विमानं धावपट्टीकडे जातात त्या रस्त्यावर) उतरायला निघालं होतं. तिथे चार विमानं प्रवाशांसकट रांगेत उभी. अगदी डोक्यावरून गेलं आणि वर चढलं. शेजारची धावपट्टी बंद आहे ही सूचना वैमानिकांच्या कागदांत होती, सत्तावीस पानांपैकी आठव्या पानावर, त्याच अक्षरांच्या चिखलात. चौकशी मंडळाच्या अध्यक्षांनी या नोटॅमना भर बैठकीत कचरा म्हटलं होतं.

सुधारणा काय झाली? २०२१ला नोटॅमचा फुल फॉर्म बदलला. 'एअरमेन'चं 'एअर मिशन्स' केलं. २०२५ला परत 'एअरमेन'. आतला चिखल तोच, पाटी दोनदा रंगवली.

टॉवरवाला

+१. पूर्ण शब्दांची ताकद लोक विसरतात. १९३५च्या ऑक्टोबरात बोइंगचं मॉडेल २९९ राइट फील्डवर उडालं आणि लगेच कोसळलं, कारण जमिनीवर वाऱ्याने शेपटीचे पृष्ठभाग हलू नयेत म्हणून लावलेलं कुलूप काढायचंच राहिलं होतं. दोन वैमानिक गेले, आणि तेही अनुभवी. त्यानंतर कागदावरची चेकलिस्ट रुजली. साध्या शब्दांची यादी, हातात धरून वाचायची. अक्षरांची गाणी मास्तरांनी केली.

वाचनमात्र

धागा सुंदर. पुलेशु, पुभाप्र.

खमंग

लघुरूपांविरुद्धच्या धाग्यावर पुलेशु-पुभाप्र! हघ्या.

ढगातली

दोन आठवड्यांनी येतेय. पाऊस होता, मग ढग होते, मग विमान गॅरेजात होतं. इंग्लंड.

हा धागा सरांना तोंडी भाषांतर करून सांगितला. पाढा आणि छताची गोष्ट ऐकून हसले. म्हणाले, अक्षरं विसर, हात फिरव. वॉरियरमध्ये इंधनाची खिट्टी डाव्या भिंतीला, गुडघ्यापाशी. तिथून सुरू. ती हाताने धरायची, कोणत्या टाकीवर आहे ते बोलायचं, आणि बाहेर बघायचं. मग पंपाचं बटण, पुन्हा बाहेर. मग इंजिनाचे काटे. मग मिक्श्चर आणि कार्ब हीटचे दांडे. मग पोटावरचा पट्टा. शेवटी उजवीकडे दार, त्याची एक कडी वर छतापाशी असते. हात डावीकडून उजवीकडे जातो, काही सुटलं तर हातालाच कळतं. ब्रेक पायाखालीच आहेत, ते पायाने दाबून बघायचे. चाकांसाठी पंखाखाली दिसतं का बघितलं. नाही दिसत. सर म्हणाले, मग काही म्हणू नकोस.

पहिल्या फेरीत दोनदा चुकले. तिसऱ्या फेरीत मीच सरांना म्हणाले, "बेसला एक विमान आहे, निळ्या पट्ट्याचं." त्यांनी मान डोलावली, बाकी काही बोलले नाहीत.

सोलो कधी

अभिनंदन ताई! माझी सोलो, म्हणजे पहिलं एकट्याचं उड्डाण, परवा सकाळी, वारा शांत असला तर.

टॉवरवाला

@सोलो कधी, शाब्बास. टाकीत काडी घालून पेट्रोल स्वतः मोज, काट्यावर जाऊ नकोस. खालून थोडं काढून रंग बघ, निळं हवं, तळाला पाणी नको. आणि क्यूएनएच ऐकलास तसाच परत वाच.

यमाताराज

ढगातली, म्हणजे तुमचा हातच यमाताराज झाला. गुडघा, बटण, काटे, दांडे, पट्टा, दार. मस्त.

खमंग

गु-ब-का-दां-प-दा. गुबकादांपदा! वाचनखूण साठवली.

ढगातली

खमंग, नको!!!

ढगातली

उशीर झाला. लेकाने फ्रिजवर चिकटवलं.